नाणेघाट: वैशाखऱ्याच्या वाटेने

नाणेघाटाचे लेणे पाहण्यासाठी बहुतेक जण जुन्नरहून घाटघरपर्यंत गाडीने येतात आणि पठारावरून थोडे खाली उतरून परततात. आम्ही कोकणच्या बाजूने, पायथ्याच्या वैशाखरे गावाहून चढलो आणि जमेल त्याने असेच जावे. कारण कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरकडे नेणारी सातवाहनकालीन वाट हाच इथला मुख्य अवशेष आहे.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत बसावे आणि नाणेघाटाच्या फाट्यावर उतरायचे आहे, हे वाहकाला आधीच सांगून ठेवावे. सुरुवातीला झाडीतून जाताना ढोरवाटा फुटतात, तेव्हा मळलेली वाट सोडू नये. पुढे खडी चढण लागते आणि पायाखाली दगडी पायऱ्या व फरसबंदी येते. तिचे दगड झिजून इतके गुळगुळीत झाले आहेत की पावसाळ्यात चांगल्या पकडीचे बूट नसतील तर उतरताना हाल होतात. सवय असलेल्यास माथा गाठायला अडीच-तीन तास पुरतात.

लेणे माथ्याच्या किंचित खाली आहे. भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सातवाहन राणी नागनिकेचा असून तो साधारणतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. विजेरी भिंतीलगत तिरकी धरली की पुसट अक्षरे उठून दिसतात. अश्वमेधादी यज्ञांतील दक्षिणेचा त्यात तपशील आहे; एके ठिकाणी 1700 गायी आणि 10 हत्ती दिल्याची नोंद आकड्यांत कोरली आहे. मागच्या भिंतीवर घराण्याचा संस्थापक सिमुक सातवाहन, नागनिका, तिचा पती सातकर्णी यांची नावे वाचता येतात, मात्र त्याखालचे पुतळे भंगून जेमतेम पावलांच्या खुणा उरल्या आहेत. त्यांच्याशेजारी स्वतःचे नाव कोरणाऱ्यांविषयी काय बोलावे!

घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असे सांगितले जाते. इतक्या उघड्या भांड्यात कोणी वसुली ठेवील, हे मला पटत नाही.

उन्हाळ्यात पिण्याचे पाणी पुरेसे बरोबर न्यावे. जीवधन किल्लाही पाहायचा असेल, तर घाटघरला मुक्काम करावा. कातळातल्या पायऱ्या आणि धान्यकोठार घाईने उरकण्यासारखे नाही. त्याच दिवशी परतणाऱ्यांनी दुपारी तीनपूर्वी उतरायला लागावे, म्हणजे उजेडात महामार्ग गाठून कल्याणची एसटी धरता येते.