एक वाकलेली पिन आणि ऐंशी पानं

दसरा झाला की आमच्या धंद्यात एक ठरलेला हंगाम येतो. घरोघर साफसफाई निघते, माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि त्याच झपाट्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेटही उघडलं जातं. मग फोन येतो : काल चांगला चालत होता, आज पुसला आणि बंद पडला. सांगलीत माझं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. असे फोन ऑक्टोबरात रोज येतात आणि काय केलं होतं असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, काहीच नाही केलं.

त्या संध्याकाळी मिरजेहून आलेला फोन तसा नव्हता. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "दादा, दुपारी अडीचला मी मशीन उघडलं. काय काय केलं ते क्रमानं लिहून ठेवलंय. वाचून दाखवू का?"

या ताईंना मी ओळखत होतो. गेली पंचवीसेक वर्षं त्या घरी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, करतात. लग्नपत्रिका, स्मरणिका, पाठ्यपुस्तकांची गाईडं आणि दर वर्षी एक दिवाळी अंक. मशीन त्यांनी स्वतः जोडलेलं. 2019 च्या डिसेंबरात पुतण्यानं मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून दिले आणि जोडणी ताईंनी केली, एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर. रायझन 5 3400जी प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, फाइली साठवायला एक साटा एसएसडी. चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच असल्यानं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कामाला नेमकं हवं तेवढंच घेतलेलं मशीन होतं ते.

अंक 224 पानांचा. एका कागदावर एकत्र छापली जाणारी पानं म्हणजे एक फर्मा, तेव्हा सोळा पानांचे चौदा फर्मे. नऊ फर्म्यांच्या छपाईच्या प्लेटा निघाल्या होत्या. उरलेले पाच फर्मे, ऐंशी पानं, त्याच रात्री कोल्हापूरच्या छापखान्याला पोचायला हवी होती, कारण सकाळी आठला छपाई सुरू व्हायची होती. ती वेळ चुकली तर दिवाळीच्या तोंडावर दुसरी मिळणार नव्हती.

मग अशा दिवशी मशीन उघडलंच का? कारण सकाळपासून पीडीएफ काढताना ते दोनदा अचानक बंद पडलं होतं. पंखा जोरात घोंघावायचा आणि सगळं काळं. ताईंनी ओळखलं की प्रोसेसर तापतोय. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंश सेल्सिअसची. तिथे तो आधी मंदावतो आणि तापमान तरीही चढत राहिलं की जीव वाचवायला मशीन स्वतःच बंद होतं. चार वर्षांहून जुनी, वाळून खडी झालेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकला पोचवणारा लेप, आणि त्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत बसलेली धुळीची गादी. त्यांचं निदान अचूक होतं आणि उपायही बरोबर होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण घरच्या माणसानं मशीन उघडलं की आमच्यातले बरेच जण आधी त्यालाच बोलतात.

त्यांनी यादी वाचली : वायर काढली, बाजूचा पत्रा काढला, ब्लोअरनं धूळ काढली, पंखा-हीटसिंक काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, हीटसिंक बसवला, व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बोर्डावरचा सेल पाच मिनिटं काढून ठेवला, सगळं परत जोडलं. बटण दाबलं, काहीच नाही. मागून एका मुलाचा आवाज ऐकू येत होता. शेजारचा मुलगा स्वतःचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, घेऊन आला होता. "काकू, नुसता डबा बदलूया, वायरी तुमच्याच राहू देत."

मी फोनवर जवळजवळ ओरडलोच, "त्याला हात लावू देऊ नका."

दोन्ही टोकांनी सुटणाऱ्या वायरींचे एसएमपीएस येतात. त्या वायरींचं बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठल्या खाचेतून किती व्होल्ट यावेत याचा काहीच सर्वमान्य नियम नाही. प्लग बिनतक्रार बसतो आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जातात. दोन वर्षांपूर्वी अशा अदलाबदलीत एका फोटोग्राफरच्या तीन हार्ड डिस्क एका क्षणात गेलेल्या मी पाहिल्यात. इथं तर ऐंशी पानं त्या एकाच एसएसडीवर होती.

सातला मिरजेत पोचलो. पहिलं काम एसएसडी बाहेर काढायचं. यूएसबीच्या डबीत घालून माझ्या लॅपटॉपला जोडली, अंकाचं फोल्डर उतरवून घेतलं आणि पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत केली. ताईंच्या यजमानांनी विचारलं, मग तुमच्याच लॅपटॉपवर का नाही करत काम? ताईंनीच उत्तर दिलं. अंक त्यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत लावलेला. फॉन्टाचं सॉफ्टवेअर त्या मशीनवर बसवलेलं, त्याचं डोंगल, म्हणजे ते असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली, त्या मशीनला लागलेलं. दुसरीकडे फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्ट चढवला तरी ओळी सरकतात, एक परिच्छेद पुढच्या पानावर गेला की त्यानंतरची सगळी पानं हलतात. तेव्हा चालायला हवं होतं तेच मशीन.

आता दुरुस्ती. बोर्डावरचा लहानसा दिवा लागलेला होता, म्हणजे एसएमपीएसमधून पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा येत होता. बटण दाबूनही हालचाल नाही. कॅबिनेटच्या बटणाची वायर बोर्डावर नऊ बारीक पिनांच्या एका जुडग्यात जाते. ती काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि पंखे फिरले. सफाईत निघालेली ती वायर एक घर सरकून बसली होती, इतकंच. ती नीट लावली.

ताईंचा चेहरा उजळला, पण स्क्रीन काळीच होती. पंखा फिरणं म्हणजे मशीन चालू होणं नव्हे. या बोर्डावर निदानाचे चार दिवे होते : प्रोसेसर, रॅम, चित्र आणि बूट, म्हणजे विंडोज सुरू होणं. त्यातला रॅमचा लागून राहिला होता.

रॅम काढल्या, पट्ट्या पुसल्या, परत बसवल्या. तेच. एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. तेच. दुसरी रॅम त्याच जागी. तेच. मग तीच चौथ्या स्लॉटमध्ये घातली आणि स्क्रीन उजळली. पहिली तिथे घातली, तिच्यावरही चालू. म्हणजे दोन्ही रॅम चांगल्या आणि मेमरीच्या दोन वाटांपैकी एक मेलेली. दुरुस्तीनंतर एकच वाट जाते तेव्हा माझी नजर रॅमवरून उठते आणि प्रोसेसरकडे जाते, कारण त्या वाटा प्रोसेसरच्या पिनांतूनच निघतात.

मी विचारलं, "ताई, हीटसिंक काढताना प्रोसेसर कुठे होता?"

"कुठे म्हणजे? तो पंख्याला चिकटूनच वर आला. तसाच येत असेल असं वाटलं. मग सोडवला, दांडी उचलून परत ठेवला."

यादीत ही ओळ नव्हती. त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती घडलेली गोष्टच नव्हती, हीटसिंक काढण्याचाच एक भाग होता. प्रोसेसर बसायच्या या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि दांडी खाली असतानाही जोर लावला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. खडी झालेली पेस्ट तेवढा जोर सहज लावते. तिरका उपटला की कडेच्या पिना वाकतात. फोनवरच मी "काय केलं" याऐवजी "काय काय बाहेर आलं" असं विचारायला हवं होतं. तेव्हापासून तेच विचारतो.

साडेआठ वाजले होते आणि आता एक निर्णय होता. मशीन आठ जीबीवर चालू झालं होतं. सेल काढल्यानं तारीख 2019 वर गेली होती. ती आधी बरोबर केली, नाहीतर ब्राउझर कुठल्याच साइटचं प्रमाणपत्र मानत नाही आणि फाइल जाणार नाही. प्रोसेसर आत्ता बाहेर काढायचा, तर पिन सरळ करताना तुटण्याची भीती. पिन एकदा वाकते आणि सरळही होते, पण पुन्हा पुन्हा वाकवली की मुळाशी मोडते, आणि मोडली तर त्या रात्री मिरजेत दुसरा प्रोसेसर कुठून आणायचा? मी ताईंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्या म्हणाल्या, आधी पानं. मलाही तेच योग्य वाटलं.

दहावा फर्मा गेला. अकराव्याच्या मधेच स्क्रीन गोठली. परत चालू केलं, अकरावा पूर्ण झाला, बाराव्यावर पुन्हा गोठली. तापमान पाहिलं तर साठच्या आत. म्हणजे पेस्टचं काम ताईंनी उत्तम केलं होतं आणि दोष खाली, पिनांत होता. वाकलेली पिन शेजारणीला चाटत असेल तर पुढच्या वेळी नुसतं गोठून भागेल याची खात्री कोण देणार? आता उघडण्यावाचून मार्ग नव्हता.

कॅबिनेटला हात लावला तेव्हा बोटांना मुंग्या आल्या. मल्टिमीटर लावला, कॅबिनेट आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या लोखंडी पाइपामध्ये शंभराच्या आसपास व्होल्ट. एक्स्टेंशन बोर्डाला तिसरं भोक होतं, पण त्यामागे अर्थिंगची वायरच नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा, माणूस दगावेल असा नव्हे, पण उघड्या प्रोसेसरजवळ तो नकोच. वायर भिंतीतून उपटली आणि मगच पुढे गेलो. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की असं होतंच.

या वेळी हीटसिंक काढताना घाई केली नाही. मशीन नुकतंच चाललेलं, पेस्ट कोमट आणि मऊ होती. चारही स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल केले, मग हीटसिंक वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळला. तो एकटा सुटून आला. दांडी उचलली, प्रोसेसर अलगद वर आला. चाळीस मिलिमीटरचा चौकोन आणि त्याखाली 1331 सोनेरी पिना. दिव्याखाली तिरका धरला की सगळ्या रांगा शेतातल्या पेरणीसारख्या सरळ दिसतात आणि बिघडलेली जागा लगेच नजरेत भरते. एका कोपऱ्याजवळ एक पिन पार आडवी झाली होती आणि तिच्या शेजारची अर्धी कललेली.

"ताई, पेन-पेन्सिल आहे का? पॉइंट पाचची. आणि भिंग."

दोन्ही त्यांच्या टेबलावरच होतं. त्या पेन्सिलीनं त्या प्रुफं तपासतात आणि ते भिंग प्लेटेवरचे ठिपके बघायचं. पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं की टोकाला पातळ धातूची पोकळ नळी राहते. ती पिनेवर चढवायची आणि पिन मुळापासून एकदम न उचलता जरा उचलायची, थांबायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा जरा. कललेली दोन मिनिटांत आली. आडवीच्या खाली नळी जाईना म्हणून आधी ब्लेडच्या बोथट कडेनं केसभर उचलली. त्या एका पिनेला वीस मिनिटं लागली. ताई भिंग धरून उभ्या होत्या आणि त्यांचा हात एकदाही हलला नाही. आयुष्यभर अनुस्वार शोधलेला हात तो. "अजून डावीकडे झुकलीय," त्या म्हणाल्या. मला ते दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं, आणि त्यांचंच बरोबर होतं.

रांगा दोन्ही दिशांनी सरळ दिसल्यावर प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला. बोटानं दाबायचा नाही, पिना जागेवर असतील तर तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो. दुपारी तो "थोडासा दाबावा लागला" होता, हे त्या आता म्हणाल्या. या वेळी तो अलगद खाली गेला. दांडी लावली, नवी पेस्ट, स्क्रू पुन्हा समोरासमोरचे. दोन्ही रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. अर्थिंग असलेल्या फ्रिजच्या प्लगातून वायर ओढून आणली.

बटण ताईंनी दाबलं. रॅमचा दिवा लागला आणि लागूनच राहिला. दहा सेकंद, पंधरा सेकंद. नव्यानं बसवलेली मेमरी बोर्ड तपासून घेतो तेव्हा एवढा वेळ जातो हे मला माहीत आहे, तरी त्या पंधरा सेकंदांत मी श्वास घेतला नसावा. दिवा विझला. स्क्रीनवर 16 जीबी.

बारावा फर्मा पावणेबाराला गेला, तेरावा सव्वाबाराला. मी निघू शकलो असतो, पण एक वाजेपर्यंत तापमानावर लक्ष ठेवून बसलो. यजमानांनी पोहे केले. एक्स्टेंशन बोर्ड मी बरोबर न्यायला म्हणून पिशवीत टाकला. चौदाव्या फर्म्याची छापील प्रुफं टेबलावर होती, ती एकदा बघितल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या. त्यांनी पेन्सिल उचलली, डबीतून नवं शिसं काढून आत सरकवलं, दोनदा टकटक केलं आणि पान 211 वरच्या एका दीर्घ ईकाराला गोल केला.