रवळनाथ सगळ्यांचा, पतसंस्था कोणती?

सिंधुदुर्गात रवळनाथ गावोगाव आहे. सातेरी, भगवती, रामेश्वर यांचंही तेच. त्यामुळे नवी पतसंस्था काढायला माणसं जमली की पहिल्याच बैठकीत ग्रामदेवतेचं नाव पुढे येतं, आणि देवाच्या नावाला 'नको' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. श्रद्धा खरी असते, पण नावाचं काम देव्हाऱ्यात नसतं. ते पासबुकावर, धनादेशावर, सातबाऱ्यावर असतं.

नोंदणीतलं पूर्ण नाव साधारण असं होतं: 'अमुक नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित, कुडाळ'. यातले नागरी, सहकारी, पतसंस्था, मर्यादित हे चार शब्द सगळ्यांचेच. गावाचं नाव गावातल्या प्रत्येक संस्थेचं. म्हणजे आपली ओळख सांगायला उरला एक शब्द. तोही 'समृद्धी', 'जनता', 'साई' किंवा 'समर्थ' घेतला, तर आपलं असं काही राहिलंच नाही.

याचा त्रास सगळ्यात जास्त सातबाऱ्यावर दिसतो. आंब्याची बाग गहाण ठेवून कर्ज घेतलं की गहाणखतानंतर फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) होतो आणि 'इतर हक्क' रकान्यात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढतो. तिथे पूर्ण नाव क्वचितच लिहिलं जातं. 'रवळनाथ पतसंस्था, बोजा रु. ३,००,०००' एवढंच. कोकणात सातबारे सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईला. कर्ज फिटल्यावर दहा वर्षांनी त्यातला एखादा बोजा उतरवायला येतो तेव्हा दाखला कोणत्या रवळनाथाकडून आणायचा हेच त्याला कळत नाही. तलाठी दाखला मागतो आणि दुसरी संस्था 'हे आमचं कर्ज नाही' म्हणते. यात कुणाचीच लबाडी नसते. नावाने घोटाळा केलेला असतो.

दुसरा धोका अफवेचा. शेजारच्या तालुक्यात त्याच नावाची संस्था अडचणीत आली की दुसऱ्या दिवशी ठेवीदार आपल्या दारात उभे राहतात. त्यांची भीती चुकीची म्हणता येत नाही: बँकेतल्या ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. मासे विकून रोज पन्नास रुपये पिग्मीला (दारोदारी गोळा होणाऱ्या रोजच्या बचतीला) देणाऱ्या बाईला 'ती वेगळी, आम्ही वेगळे' हे गर्दीत समजावता येत नाही. ते काम नावाने आधीच करून ठेवायला हवं.

काही शब्द मुळातच वर्ज्य. 'बँक', 'बँकर', 'बँकिंग' हे शब्द पतसंस्थेला नावातही वापरता येत नाहीत आणि व्यवसायाच्या संदर्भातही नाहीत. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलल्यावर हे अधिक कडक झालं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल लोकांना जाहीर सावधही केलं. 'निधी' टाळा, तो कंपनी कायद्याखालच्या वेगळ्या प्रकारच्या कंपन्यांचा शब्द आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव व्यापार-व्यवसायाच्या नावात विनापरवानगी घ्यायला बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या १९५० च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा किल्ल्याचं नाव घेताना त्याला महाराजांचं नाव जोडू नका. 'अर्बन' हा शब्द चालतो, पण आमच्या मते घेऊ नये. 'अमुक अर्बन' म्हटलं की लोक अर्बन बँक समजतात, आणि विमा आहे अशा समजुतीने ठेवलेली ठेव ही आपल्यावरचीच जोखीम.

जिल्ह्याचं नावही जपून. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला आणि त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. नावातला जिल्हा मागे राहतो, संस्था पुढे जाते. वाडीचं किंवा गावाचं नाव मुख्य शब्द म्हणून घेतलं, तर पुढे कार्यक्षेत्र जिल्हाभर वाढल्यावर परक्या तालुक्यातला माणूस 'ही आमची नव्हे' म्हणतो. जातीच्या नावाचंही तसंच: सभासदत्व कायद्याने खुलं, पण पाटी वाचून लोक दारातून परततात.

मग घ्यायचं काय? नद्या सुचतात, पण अर्थ तपासा. खेडची जगबुडी देखणी नदी, पण जिथे 'बुडाली' हा शब्द ऐकून काळजात धस्स होतं तिथे 'जगबुडी पतसंस्था' कशी चालेल? रत्नागिरीची काजळी, तिचा दुसरा अर्थ दिव्यावर धरणारा काळा थर. वाशिष्ठी सुरेख, पण जोडाक्षरामुळे इंग्रजीत चार जण चार प्रकारे लिहितात, आणि चिपळूणकरांच्या मनात २०२१ च्या जुलैचा पूर अजून ताजा आहे. लांजा-राजापूरकडची मुचकुंदी वेगळी उठून दिसते. तिची वर्तनी तेवढी पक्की करावी लागेल.

रोजच्या कामाच्या वस्तूंमध्ये चांगली नावं दडलेली आहेत. 'रापण' घ्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं: सगळ्यांनी मिळून ओढायची, आलेलं वाटून घ्यायचं. किनाऱ्यावरच्या संस्थेला याहून नेमका शब्द मिळणार नाही, मात्र सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात तो परका वाटेल. 'नांगर' शेतकऱ्याचाही आणि होडीचाही, म्हणून मोह होतो. पण 'गाढवाचा नांगर फिरवणे' कुणीतरी आठवण करून देणारच. भात साठवायची 'कणगी' आम्हाला सगळ्यात पटते. साठवण, घर, शेत, सगळं त्यात आलं, आणि अशुभ छटा नाही. ग्रामदेवता सोडवतच नसेल, तर तिला त्या जागेची खूण जोडा: खाडी, घाटी, सडा (खडकाळ माळ). रवळनाथ घाटावर आजऱ्यालाही आहे. खुणेशिवाय तो आपला एकट्याचा होत नाही.

तीन नावं पसंतीच्या क्रमाने ठरवा आणि तपासा. एसटी स्टँडच्या गोंगाटातून फोनवर नाव एकदाच सांगा आणि पाच जणांना लिहायला लावा. दोघांनी वेगळं लिहिलं तर ते नाव सोडा. पिग्मी प्रतिनिधीला दारोदारी तेच बोलायचं आहे. इंग्रजी वर्तनी त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा: 'श्री'मध्ये एक 'आय' की दोन 'ई', रवळनाथमध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू'. एसएमएसच्या शीर्षकाला सहा इंग्रजी अक्षरंच मिळतात. 'कणगी' त्यात नेमकी बसते, लांब नावाचे स्वर गाळावे लागतात आणि ग्राहकाला संदेश कुणाचा ते कळत नाही.

नावाचा शोध घेताना फक्त आपल्या तालुक्याची यादी पाहू नका. जिल्हा उपनिबंधकांकडची यादी, शेजारचे जिल्हे, बहुराज्यीय संस्था, आणि व्यापारचिन्हांच्या नोंदीत वित्तीय सेवांचा वर्ग ३६, हे सगळं पाहा. अवसायनात निघालेल्या, म्हणजे बंद करून हिशेब मिटवायला काढलेल्या, संस्था तर विसरूच नका. ज्या नावाखाली लोकांचे पैसे अडकलेत ते नाव कागदावर मोकळं दिसलं तरी लोकांच्या तोंडी मोकळं नसतं.

त्यानंतर मुख्य प्रवर्तक (संस्था काढणाऱ्यांचा प्रमुख) तालुक्याच्या निबंधक कार्यालयात नाव आरक्षणाचा आणि बँक खातं उघडण्याच्या परवानगीचा अर्ज करतो. आरक्षणाच्या पत्रात नाव जसं येईल, काना-मात्रेसकट तसंच बँक खातं, उपविधी, नोंदणी प्रस्ताव आणि पुढे पॅनवर गेलं पाहिजे. पत्र हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा. 'पतसंस्था'च्या जागी 'पत संस्था' झालं असेल तर दुरुस्ती तेव्हाच मागा. नोंदणीनंतर नाव बदलता येतं, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १५ प्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची मान्यता लागते. जुने हक्क आणि दायित्वं तशीच राहतात. पासबुकं, ठेव पावत्या, भाग दाखले, शिक्के, पाट्या मात्र नव्याने कराव्या लागतात. आणि नावबदलाच्या आदेशाची साक्षांकित प्रत प्रत्येक बोज्याच्या कर्जफाइलला लावून ठेवा, कारण सातबाऱ्यावर जुनंच नाव राहिलेलं असतं.