आजीचा बॉल बदलला, मग याचा का नाही?

आमच्या चुलतभावाला भेटायला येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप खाली ठेवायच्या आधी हेच विचारतो. "आमच्या आजयेक चवथ्या दिवसाक चालवल्यानी, मगे ह्येका कित्याक निजवन ठेवल्यानी?" म्हणजे खुबा मोडल्यावर आजीचा बॉल (मांडीच्या हाडाचं गोल डोकं) बदलून तिला चौथ्या दिवशी चालवलं, मग याचा न बदलता याला का झोपवून ठेवलं? आता सगळ्यांना तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

वय चौतीस, देवगडकडची बाग, एप्रिलातली आंब्याची घाई. कलमावरून फांदीसकट खाली आला. पाय आखूड झाल्यासारखा दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला पडलेलं, हे दिसलं की खुबा गेला असं समजायचं, पाय ओढायचा नाही, तेल लावून चोळायचा तर अजिबात नाही (एक काका वाटी घेऊन आलेच होते). फळीवर घालून गाडीत टाकला आणि फोंडाघाटमार्गे थेट कोल्हापूर.

म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ असतं, मोरीत घसरलं तरी मोडतं. तरण्या माणसाचं चांगलं टणक हाड मोडायचं तर जोरच तेवढा लागतो, म्हणजे झाडावरून पडणं नाहीतर हायवेवर बाईकचा अ‍ॅक्सिडेंट. त्यात मोडली मांडीच्या हाडाची मान, म्हणजे बॉलच्या खालचा भाग. आंब्याला जे काही मिळतं ते देठातून, तसं बॉलला बहुतेक रक्त या मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. मान मोडून सरकली की त्या ताणल्या जातात, पिळवटतात, कधी तुटतातच, आणि मग हाड जुळलं तरी बॉल आतून मरू शकतो. त्याला एव्हीएन म्हणतात.

म्हणून घाई. ऑपरेशन शक्यतो 24 तासांच्या आत करायला बघतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुकडे मूळ जागी चपखल बसणं, बाहेरून ओढून नाही बसले तर उघडून बसवतात. मग सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत बघत आधी वायरी घालायच्या आणि त्यांच्यावरून पोकळ स्क्रू, बहुतेक वेळा तीन, उलट्या त्रिकोणात. फ्रॅक्चरची रेघ उभी असेल तर वजन पडल्यावर तुकडे एकमेकांवर दाबले जायच्या ऐवजी घसरतात. पाउवेल्स नावाच्या जर्मन सर्जनने 1935 मध्ये या रेघेच्या कोनावरूनच प्रकार पाडले, 50 अंशांच्या वर गेला की सगळ्यात त्रासदायक. तिथे कित्येकदा नुसत्या स्क्रूंवर न थांबता प्लेटवाला डीएचएस (प्लेटला जोडलेला एक जाड स्क्रू) घालतात. याची रेघ उभीच होती.

आता आजीचा प्रश्न. कृत्रिम सांधा पंधरा-वीस वर्षं, नीट वापरला तर अजून थोडा जास्त चालतो. सत्तरीपुढे बसवला की बहुतेकांना जन्मभर पुरतो. चौतिसाव्या वर्षी बसवला तर पन्नाशीत परत ऑपरेशन, आणि दुसरं पहिल्यापेक्षा अवघड. म्हणून स्वतःचा बॉल वाचवायची धडपड. सांधा बदलायचा रस्ता नंतरही मोकळा असतोच, आज बदलला तर मात्र जुना परत येत नाही.

किंमत मोजायची ती वेळेची. साधारण तीन महिने त्या पायावर वजन नाही, वॉकर किंवा कुबड्या. आमची घरं म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्या, उंच ओटी, संडास मागच्या अंगाला. त्यात जून लागला आणि खळ्यात शेवाळ धरलं. वॉकरच्या पायांचे रबर चिऱ्यावर घासून झिजतात, ते बघून बदला, एरवी कोणाचं लक्ष जात नाही. कमोडची खुर्ची आणलीच, उकिडवं बसणं आणि मांडी घालणं बंद. बिडीसुद्धा बंद, धुराने हाड जुळायला उशीर होतो, यावर रोज भांडण.

आणि चालायला लागला म्हणजे सुटला असंही नाही. एव्हीएन बऱ्याचदा दोन वर्षांच्या आत डोकं वर काढतो, एक्स-रेत उशिरा दिसतो, एमआरआयमध्ये आधी. सगळं छान चाललेलं असताना जांघेत दुखायला लागलं तर "वातानं दुखत असेल" म्हणून बाम चोळत बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा.