तुम्ही विचारलंत म्हणून: वीज कोळशाचीच ना?

"काका, इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी वीज कोळशाचीच ना? मग उपयोग काय?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी भाचीच्या फोनवर. मी ३१ वर्षं वीज उपकेंद्रांमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. आधी जुन्नर तालुक्यात, मग पुण्याच्या आसपास. त्यामुळे लोकांना वाटतं, याला ठाऊक असणार. पण उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून एकदा बसून लिहितोय.

प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातली निम्म्याहून कितीतरी जास्त वीज आजही कोळशातून येते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ ही नावं तुम्ही शाळेच्या भूगोलात पाठ केली असतील. तीच केंद्रं आजही आपलं घर उजळतात. तेव्हा आधी कोळसा धरूनच हिशोब मांडू.

पेट्रोलची कार शहराच्या गर्दीत लिटरला १५ किलोमीटर जाते असं धरा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅम. विजेची कार एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर जाते. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे सगळ्या केंद्रांची वीज एकत्र वाहणाऱ्या तारांच्या जाळ्यातल्या, एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड पडतो. भागाकार केला की किलोमीटरला ११० ग्रॅम येतात. पाव हिस्सा कमी. त्यात बॅटरी बनवताना झालेला धूर मिळवा, म्हणजे पहिली काही वर्षं तो फेडण्यातच जातात. फायदा आहे, पण छाती फुगवून सांगावा एवढा नाही.

बसचा हिशोब तर आणखी अडचणीचा. बारा मीटरची एसी विजेची बस किलोमीटरला एक ते सव्वा युनिट खाते. सगळी वीज आजच्या ग्रिडची धरली, तर ती आणि साधी, बिगर-एसी डिझेल बस जवळपास बरोबरीत सुटतात. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो ना!

थांबा. उत्तर इथे संपत नाही.

पुण्यात विजेच्या बस आल्या त्या २०१९ च्या फेब्रुवारीत. त्या आधीचं स्वारगेट आठवा. थांब्याजवळ कणसं भाजणाऱ्या एक मावशी बसायच्या, अजूनही बसतात. बस निघताना मागच्या नळीतून काळा भपका यायचा आणि मावशी सवयीने कणसांवर पदर धरायच्या. संध्याकाळी तो पदर ज्या जागी धरलेला असायचा तिथे करडा झालेला मी पाहिलाय. मध्ये त्यांना विचारलं, नव्या बसचा काही फरक? म्हणाल्या, "धूर नाही, ते बरंय. पण मेली चाहूलच लागत नाही. पाठीशी येऊन उभी राहते." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. धूर किती निघाला याइतकंच तो कुणाच्या नाकाशी निघाला यालाही महत्त्व आहे. दिवसातले दहा तास रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या माणसाला तो भपका टळणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण मग तो धूर गेला कुठे? माझी धाकटी बहीण विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राजवळच्या गावात वीस वर्षं राहिली. तिच्याकडे वाळवण घालायचं तर वर पातळ धोतर पांघरावं लागायचं. पापड उचलले की धोतरावर राखेची बारीक चरचर हाताला लागायची. पुण्यातली हवा स्वच्छ करायची आणि त्याचा भार तिच्या गच्चीवर टाकायचा, हे मला पटत नाही. म्हणून "वीज कोळशाचीच ना" या प्रश्नाचा मला राग येत नाही. फक्त तो गाडी न घेण्याचं निमित्त म्हणून विचारू नका, माझ्या बहिणीच्या बाजूने विचारा. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: ही वीज कोळशाशिवाय कधी मिळते?

'कधी' हा शब्द मला उपकेंद्राने शिकवला. आमचं काम म्हणजे दर तासाला लॉगशीट भरायची. प्रत्येक फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाईनवर, किती अँपिअर, किती व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान. एकतीस वर्षं एकाच तऱ्हेचे आकडे लिहिले की ते डोळे मिटूनही दिसतात. पहाटे लोड, म्हणजे विजेची मागणी, झोपलेला. सहा वाजता गिझर आणि पाण्याचे पंप सुरू झाले की उठायचा. दुपारी जरा सैल. आणि संध्याकाळी साडेसहाला दिवे, टीव्ही, पंखे, दुकानांच्या पाट्या सगळं एकदम लागलं की काटा सरसर वर चढायचा, तो दहापर्यंत खाली यायचा नाही. त्या वेळी ट्रान्सफॉर्मरचा घूं आवाजसुद्धा बदललेला कानाला कळतो.

कोळशाचा संच असा पटकन कमी-जास्त करता येत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला तासन् तास लागतात. संध्याकाळची ती चढण कोयनेसारखं जलविद्युत केंद्र झेलतं, कारण पाण्याचं चाक काही मिनिटांत फिरायला लागतं. पण कोयनेतून वर्षाला वीजनिर्मितीसाठी ६७.५ टीएमसीच (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवता येतं. ते पुरवून पुरवून वापरावं लागतं.

आता चित्र बदललंय. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि सूर्य मावळला की ती शून्य. म्हणजे दुपारी एकचं युनिट आणि रात्री आठचं युनिट मीटरवर सारखंच दिसलं, तरी मागची गोष्ट एकदम वेगळी. २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत मिळते, ती याचसाठी. तुमच्या बिलावर दिसत असेल, नीट बघा.

जुन्नरला असताना शेतीच्या फीडरला पाळीपाळीने पंपांना लागणारी थ्री-फेज वीज द्यायचो. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की अकरा-बाराला एखाद्या शेतकऱ्याचा फोन यायचा, "साहेब, लाईट आली का? निघू का?" उसाच्या रानात बिबट्या आहे हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. ब्रेकर, म्हणजे फीडरचा मोठा स्विच, मी लावायचो आणि तो माणूस बॅटरी नि काठी घेऊन पाणी धरायला निघायचा. कितीतरी रात्री मला त्या खुर्चीत स्वस्थ बसवलं नाही. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौर प्रकल्पांना जोडताहेत आणि दिवसा पाणी धरता येतंय, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. शेतकऱ्याची लाईट रात्रीतून उचलून दिवसात आणता आली. मग शहरातलं चार्जिंग का आणता येणार नाही?

आमच्या सोसायटीत हे लहान प्रमाणात करून बघितलं. २०२२ मध्ये गच्चीवर २० किलोवॉटचे सोलर पॅनल बसवले. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं, म्हणजे चांगल्या उन्हात ८० च्या आसपास. जुलैत एखाद्या दिवशी वीससुद्धा होत नाहीत, ते आधीच सांगून ठेवतो. पॅनल बसले, पण नेट मीटरला, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरला, पाच महिने लागले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला आणि एप्रिल-मेचं अख्खं ऊन वाया गेलं. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

मग मी आग्रह धरला की पाण्याचा पंप पहाटे पाचऐवजी सकाळी अकराला लावायचा. दहा अश्वशक्तीचा पंप, रोज दोन-अडीच तास चालतो. खूप विरोध झाला. सकाळी पाणी कमी पडलं तर? मी म्हटलं, टाकी दुपारी काठोकाठ भरली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते, आठ दिवस करून बघू. पुरली. बिलात तेव्हा काहीच फरक पडला नाही, नेट मीटर युनिटाला युनिट वजा करतो. पण पंपाला आता आमच्याच गच्चीवरची वीज मिळते आणि पहाटे तेवढा कोळसा कमी लागतो.

आता गाड्यांकडे वळू. आमच्याकडे विजेच्या कार नऊ झाल्यात. सगळे सातच्या सुमाराला कामावरून येतात आणि पहिलं काम म्हणून प्लग लावतात. साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा. नऊ गाड्या एकदम लागल्या तर ३० किलोवॉट होतात. म्हणजे गच्चीवरच्या सगळ्या पॅनलांहून जास्त, तेही सूर्य मावळल्यावर, नेमका काटा वर चढत असताना. अशा वेळी "वीज कोळशाचीच ना" हे पुष्कळसं खरं. हीच गाडी दिवसभर हिंजवडीच्या ऑफिसखाली उन्हात उभी असते. तिथे पत्र्याच्या शेडवर पॅनल आणि खाली प्लग असेल, तर तोच प्रश्न खोटा पडतो. गाडी तीच, माणूस तोच, वेळ वेगळी.

बसचंही तसंच. एका आगारात ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर गेलो होतो. रात्री साडेअकराला बसची रांग लागलेली, प्रत्येकीच्या कुशीत मनगटाएवढ्या जाड केबलची गन. पडद्यावर टक्के चढत होते, ३८, ३९. कूलिंगचे पंखे सोडले तर आवाज नाही. बघून बरं वाटलं, पण ती सगळी वीज रात्रीची होती. सकाळची गर्दी ओसरल्यावर अकरा ते तीन बऱ्याच बस उभ्या असतात. तेव्हा तासभर जरी गन लावली, आगाराच्या छपरावर पॅनल टाकले, तर डिझेलशी बरोबरीत सुटणारा तो हिशोब पार पालटेल. साठवणीचे मार्गही आहेत. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचं केंद्र खालचं पाणी वरच्या धरणात चढवून हवं तेव्हा वीज देतं. पूर्वी असं पाणी रात्रीच्या फालतू पडलेल्या विजेवर चढवायची रीत होती. आता दुपारच्या उन्हावर चढवता येईल.

आणि बसबद्दल सगळ्यात मोठं सांगायचं ते हे. एका युनिटमध्ये एकटा माणूस कारने साडेसहा किलोमीटर जातो. बसमध्ये चाळीस जण असतील तर प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या एका युनिटात ३३ किलोमीटर जातो. विजेची स्कूटर साधारण बसइतकीच काटकसरी, पण चाळीस स्कूटरना सिग्नलला किती जागा लागते ते कर्वे रोडला पाहा. वीज कोळशाची असो की उन्हाची, कार विजेवर चालली म्हणून रुंदीला कमी होत नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, आपण सुरू केली. पुढे काही रस्त्यांवर बसची ती लेन उखडूनही टाकली. माझ्या मते पुण्याची ती फार मोठी चूक. बस गर्दीतच अडकली तर विजेची असून कुणाच्या उपयोगाची?

मुंबईकरांना हा प्रश्न कधी पडत नाही. व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. शंभर वर्षं झाली, लाखो लोक रोज विजेच्या गाडीने जातात आणि कोळशाचं नाव कुणी काढत नाही, कारण गाडी भरलेली असते. आता तर ब्रेक लावताना मोटरीच वीज तयार करून वरच्या तारेत परत देतात. एक लोकल थांबते, दुसरी तिच्या जोरावर निघते.

तेव्हा भाचीला मी सांगितलं ते असं. तुझ्या घरापासून बस किंवा मेट्रो असेल तर पास काढ. नसेल तर विजेची स्कूटर घे आणि ऑफिसात दुपारी चार्जिंगला लाव, तिथे सोय नसेल तर एचआरच्या मागे लाग. कार घ्यायचीच असेल तर विजेची घे, पण घरी सात ते दहा प्लगला हात लावू नकोस. तिने स्कूटर घेतली. ऑफिसच्या बेसमेंटमध्ये चार प्लग मिळाले, त्यासाठी तिला तीन मेल आणि एक सह्यांचं पत्र द्यावं लागलं.

आमच्या पार्किंगसाठी मी नऊ टायमर सुचवलेत. दिवसभर घरी असलेल्या गाड्या अकरा ते चार, बाकीच्या रात्री बारानंतर. येत्या रविवारी मीटिंग आहे. नमुन्याचा एक टायमर आणून ठेवलाय, लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावून दाखवणार आहे.