आराई सेन्सेई कुठे बसायचे?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मी जपानी पाहुण्यांना थेट बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर नेत नाही. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत काहीच धड दिसत नाही. आधी डावीकडच्या भिंतीवरचं महाजनक जातक सावकाश दाखवतो. तोवर नजर अंधाराला सरावते, मग पद्मपाणीच्या भुवया आणि हातातलं निळं कमळ हळूहळू उमटत जातं.

त्या दिवशीचे पाहुणे जपानमधल्या तोचिगीचे वयस्कर चित्रकार होते, पारंपरिक निहोंगा शैलीत काम करणारे. पद्मपाणीवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "आराई सेन्सेई कुठे बसायचे?" सेन्सेई म्हणजे गुरुजी.

इथल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या जपानी चित्रकार आराई काम्पोंचं नाव इथे क्वचितच निघतं. आमचे बरेच गाइड त्यांच्या आधी इथली चित्रं उतरवणारा ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारू यांच्या गोष्टीतच रमतात, ते मला खटकतं. १८७८ साली तोचिगीतच जन्मलेल्या काम्पोंनी 'कोक्का' या कलामासिकासाठी जुन्या चित्रांच्या नकला करत हात घडवला. १९१६ मध्ये जपानला गेलेल्या रवींद्रनाथांनी त्यांच्याकडून चित्रकार शिमोमुरा कान्झान यांच्या एका चित्राची नक्कल करून घेतली आणि त्यांना कोलकात्याला बोलावलं. १९१७-१८च्या हिवाळ्यात ते सहकाऱ्यांबरोबर इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आले. त्या नकला टोकियोत १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. १९४० पासून ते जपानमधल्या होर्युजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या भित्तिचित्रांची नक्कल करत होते. ते काम अपुरं ठेवून १९४५ मध्ये गेले, आणि १९४९ मध्ये ती मूळ चित्रंही आगीत होरपळली.

बाहेर पायरीवर पाहुण्यांनी पोस्टकार्डावर पातळ कागद ठेवला, त्याची गुंडाळी झरझर वर-खाली केली. कागद उचलला की खालची रेघ बघायची, टेकवला की डोळ्यांत राहिलेली तीच रेघ कुंचल्याने ओढायची. सेन्सेईंच्या पिढीने होर्युजीत असं काम केलं, म्हणाले. बघताना माझाच श्वास अडकला होता.

मग मी त्यांना लाखेच्या लेपाबद्दल सांगितलं. निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तो १९२०-२२ मध्ये चित्रांवर चढवला आणि पुढे तो पिवळा पडला. पाहुणे ताडकन उभे राहिले. "म्हणजे सेन्सेईंनी बघितलेलं निळं वेगळं होतं?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. त्या नकला वाचल्या असत्या तर भिंतीशेजारी धरून, कुठला रंग कुठे उडाला, कुठला लेपाखाली बदलला, हे बोट ठेवून दाखवता आलं असतं. लोक नकलेला दुय्यम समजतात, आणि या लेण्यात तरी ते मला आता पटत नाही.

आम्ही पुन्हा रांगेत लागलो. या वेळी त्यांना महाजनक नको होतं.