दोन राजे, एक नट

जेवणानंतरची दुपार होती, आणि झोपही लागत नाही व जागेपणही नीट जमत नाही अशा अवस्थेत मी टीव्हीवरील वाहिन्या पुढेमागे करीत पडलो होतो. एका वाहिनीवर ‘वॉर छोड ना यार’ लागला होता. २०१३ साली आलेला हा चित्रपट भारत-पाकिस्तान सीमेवरील सैनिकांची गोष्ट सांगतो. त्यात इकडचा कॅप्टन शर्मन जोशी आहे, तिकडचा जावेद जाफरी आहे, आणि या दोघांवर युद्ध लादू पाहणारे भारताचे, पाकिस्तानचे, चीनचे व अमेरिकेचे असे चारही पुढारी एकट्या दलीप ताहिल यांनी रंगवले आहेत. त्यांच्यापैकी एक जण पडद्यावर तावातावाने बोलत असतानाच देवळालीच्या बाजूने धडाड्‌ असा आवाज आला, तावदाने थरथरली आणि स्वयंपाकघरातून बायकोने, “झालं यांचं सुरू,” एवढेच म्हटले. आम्ही पाथर्डी फाट्याच्या बाजूला राहतो. तोफखान्याच्या सरावाचा हा आवाज आमच्याकडे पाहुण्यांखेरीज कोणाला दचकवत नाही.

नाशिककरांची युद्धाशी अशी जुनी घसट आहे. ओझरच्या एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार झाली. शाळेत कविता शिकवताना डोक्यावरून विमान गेले की आमच्या बाई ओळीच्या मध्यावर थांबत आणि आवाज विरला की अडलेल्या शब्दापासून पुढे निघत, त्यामुळे त्या कविता मला आजही त्या विरामांसह पाठ आहेत. देवळालीचे आर्टिलरी स्कूल मुळात काकूल येथे स्थापन झाले होते. ते काकूल आज पाकिस्तानात आहे आणि त्यांची लष्करी अकादमी तेथे आहे. म्हणजे ज्या विद्येने आमच्या खिडक्या हलतात तिचे माहेर सीमेपलीकडे आहे. एखाद्या विनोदी चित्रपटात ही गोष्ट घातली असती, तर लेखकाने ओढूनताणून जुळवले आहे असे म्हणून आपण नाके मुरडली असती.

ते चार पुढारी पाहत असताना माझी एक जुनी खोड पुन्हा जागी झाली. युद्धावरचा विनोदी चित्रपट असला की त्यात नटांची काटकसर कोठे केली आहे, हे मी आधी शोधतो, आणि ती बहुधा सापडतेच. सत्यजित राय यांच्या १९६९ च्या ‘गुपी गाईन बाघा बाईन’मध्ये शुंडी आणि हल्ला अशी दोन शेजारी राज्ये आहेत. हल्ल्याच्या राजाला त्याच्या प्रधानाने औषध पाजून युद्धखोर बनवले आहे, शुंडीचा राजा भाबडा आहे, आणि दोन्ही राजे संतोष दत्त या एकाच नटाने केले आहेत. हल्ल्याचे सैन्य उपाशी आहे. ते चालून निघते तेव्हा गुपी आणि बाघा गाणे म्हणून आभाळातून मिठाईने भरलेली मडकी उतरवतात, आणि सैनिक शस्त्रे टाकून मडक्यांवर तुटून पडतात. सैन्य पोटावर चालते, हे वाक्य आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचून विसरून गेलेलो असतो. येथे ते तोंडाला रस लागलेल्या अवस्थेत दिसते.

त्याच्याही आधी, १९४० साली, चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये छळला जाणारा ज्यू न्हावी आणि त्याला छळणारा टोमेनियाचा हुकूमशहा हिंकेल अशा दोन्ही भूमिका स्वतःच केल्या. यात चॅप्लिनला निसर्गाचेही थोडे साहाय्य झाले होते, कारण मिशी सारखी होती आणि तो व हिटलर १८८९ च्या एप्रिलात चार दिवसांच्या अंतराने जन्मले होते. हिंकेल पृथ्वीच्या गोलाचा फुगा उडवीत नाचतो तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. माझे प्रेम मात्र न्हाव्याच्या खुर्च्यांवर आहे. हिंकेल आणि शेजारच्या बॅक्टेरियाचा हुकूमशहा नापालोनी शेजारी शेजारी दाढी करायला बसतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा उंच दिसण्यासाठी आपली खुर्ची वर चढवीत जातो. दोन राष्ट्रांमधील शस्त्रस्पर्धेवर यापेक्षा स्वच्छ भाष्य मी वाचलेले नाही, आणि त्यासाठी पडद्यावर एकही बंदूक लागलेली नाही.

गंभीर युद्धपटांना ही काटकसर परवडत नाही. तेथे शत्रूचा अधिकारी वेगळाच दिसावा लागतो. त्याच्या डोळ्यांत सुरमा असतो, तो दर वाक्याला ‘जनाब’ म्हणवून घेतो, आणि त्याचे सैनिक आपल्या नायकाची गोळी लागताच हवेत दोन हात उंच उडून पडतात. तो आरशातल्यासारखा आपल्यासारखा दिसला, तर सगळा बेतच फसेल.

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत गणेशोत्सवात एक वग बसवला होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वग एका मास्तरांनी लिहिला होता. त्यात राजा, प्रधान, कोतवाल अशी नेहमीची मंडळी होती, आणि बोराच्या झाडावरून शेजारच्या राज्याशी युद्ध होते. झाड आपल्या हद्दीत, पण बोरे पडत ती त्यांच्या हद्दीत. शेजारचा राजा व्हायला कोणी तयार होईना, कारण गल्लीत वर्षभर त्याच नावाने हाका मारल्या जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. शेवटी दोन्ही राजांमध्ये मोठी मिशी त्याची, या बोलीवर सुताराचा मुलगा कबूल झाला. सैन्याचा प्रश्न आणखी बिकट होता. पोरे होतीच मोजकी, त्यामुळे तीच आमच्या राजाचे सैन्य म्हणून डावीकडून येत, पडद्यामागून धावत जाऊन फेटा उलटा बांधीत आणि शत्रूचे सैन्य होऊन उजवीकडून येत. घाईत कोणी फेटा बदलायला विसरला की दोन्ही सेनापती त्याच्यावर ओरडत, आणि प्रेक्षकांना वाटे की हेही मास्तरांनीच लिहिले आहे.

त्या प्रेक्षकांत आमच्या गल्लीतले हवालदारकाका बसत. ते तोफखान्यातून निवृत्त झाले होते आणि १९७१ च्या डिसेंबरातली लढाई त्यांनी सीमेवर पाहिली होती. वगात एक प्रसंग होता: तोफ तयार आहे, शत्रू समोर आहे, आणि प्रधान म्हणतो की गोळ्यासाठीचा अर्ज तीन प्रतींत आल्याखेरीज कोठीचे कुलूप निघणार नाही. या प्रसंगाला हवालदारकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि शेजारच्याने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. सेनापती लढाईच्या वेळी तंबूत पत्ते खेळतो, यालाही ते मनमुराद हसले. मग शेवटची लढाई आली. आमच्या राजाने नुसते “भो!” केले आणि शत्रूचे सगळे सैन्य किंचाळत पळाले. गल्ली टाळ्या पिटू लागली, पण काका उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मास्तरांकडे आले. आम्ही पोरे तेथेच फेटे वाळत घालीत होतो, म्हणून त्यांचे बोलणे ऐकायला मिळाले. “मास्तर, बाकीचं झकास आहे. तेवढं ते पळतात ते काढून टाका. समोरचे असे भित्रे असते, तर आम्ही काय तिकडं तेरा दिवस खो-खो खेळत होतो का?” मास्तर मोठे धोरणी होते. त्या रात्रीच्या प्रयोगात त्यांनी दोन्ही सैन्ये पळवली. एकदा ‘भो’ झाल्यावर मंचावर फक्त दोन राजे उरले, लाकडी तलवारी सावरीत आणि आता पुढे काय करायचे ते न कळून एकमेकांकडे बघत. मग सुताराच्या मुलाने, मास्तरांनी लिहिलेले नव्हते तरी, आमच्या राजाला विचारले, “तुझ्याकडं तंबाखू आहे का?” आधीच्या रात्रीपेक्षा त्या रात्री हशा मोठा झाला, आणि हवालदारकाका शेवटपर्यंत बसून होते.

पुढे असे चित्रपट पाहताना मी त्यांच्याच नजरेने पाहतो की काय, अशी मला शंका आहे. कोठीच्या कुलपावरचा विनोद मला आवडतो आणि समोरच्याच्या भित्रेपणावरचा आवडत नाही. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा माल अर्थातच अधिक खपतो. पहिला धोक्याचा असतो, कारण कोठी आपली असते. कल्पित राज्याचा बुरखा घेतला तरी त्याने नेहमी वाचवले आहेच असे नाही. ‘किस्सा कुर्सी का’ या अमृत नाहटांच्या राजकीय उपहासपटात कोठल्याही खऱ्या माणसाचे नाव नव्हते, तरी आणीबाणीत त्याच्या प्रती मूळ निगेटिव्हसह जाळल्या गेल्या आणि त्यांना तो नव्याने करावा लागला.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात तर परराष्ट्रांशी असलेल्या मैत्रीपूर्ण संबंधांचीही काळजी वाहिली आहे. त्यांना बाधा आणणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारता येते. ज्या राष्ट्राशी मैत्रीपूर्ण संबंधच नाहीत त्याची टिंगल करायला मग हे कलम आड येत नाही, असा अर्थ काढण्याचा मोह मला होतो, पण वकिली हा माझा प्रांत नव्हे. पलीकडेही निराळे काही घडत नाही. २०१० च्या ‘तेरे बिन लादेन’मध्ये कराचीचा एक पत्रकार अमेरिकेला जाण्याच्या हव्यासापायी, लादेनसारख्या दिसणाऱ्या एका कोंबडीवाल्याला हाताशी धरून खोटी चित्रफीत बनवतो. नायक अली झफर हा त्यांच्याच देशातला लोकप्रिय गायक, आणि थट्टेचा मोठा वाटा अमेरिकेच्या पदरात पडलेला. तरीही पाकिस्तानच्या सेन्सॉरने चित्रपटावर बंदी घातली.

याच संदर्भात मला २००२ चा मार्च आठवतो. ‘लगान’ ऑस्करच्या अंतिम पाचांत होता, आणि कॉलेज रोडच्या कट्ट्यापासून रविवार कारंजापर्यंत सगळ्यांना निकाल ठाऊक असल्यासारखी चर्चा चालली होती. पुरस्कार मात्र बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेला. त्या दिवशी नाशकात बोस्निया नकाशावर कोठे आहे हे सांगू शकणारे फारसे कोणी नसावेत, तरी बोस्नियाविषयी वाईट बोलणारे मुबलक होते. गंमत अशी की त्याच काळात, संसदेवरील हल्ल्यानंतर सुरू झालेल्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये, भारत आणि पाकिस्तान यांची सैन्ये सीमेवर महिनोन्‌महिने समोरासमोर उभी होती. एका शेजाऱ्याशी युद्धाच्या तोंडावर असताना दुसरा शत्रू आम्ही चित्रपटापायी करून ठेवला होता.

दानिस तानोविचचा तो चित्रपट पुढे कधीतरी सीडीवर पाहिला. दोन फौजांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम) आणि एक सर्ब सैनिक अडकले आहेत, आणि तिसरा एक जिवंत माणूस अशा सुरुंगावर पडलेला आहे की तो हलला तर सुरुंग फुटेल. वर असलेले दोघे वाद घालतात की युद्ध कोणी सुरू केले. ज्याच्या हातात बंदूक असते तो दुसऱ्याकडून ‘आम्ही सुरू केले’ असे वदवून घेतो, आणि मग बंदूक दुसऱ्याच्या हाती जाते व इतिहास उलटा फिरतो. खुद्द युद्धात उभा असलेला एक सैनिक वर्तमानपत्र वाचता वाचता हळहळतो की रवांडात काय गोंधळ माजला आहे! तेथे मी मोठ्याने हसलो, आणि कॉलेज रोडच्या कट्ट्यावरचे आम्ही सगळे मला त्या खंदकात बसलेले दिसले. येथे दोन बाजूंना दोन निराळे नट आहेत हे खरे. पण बोलता बोलता त्या दोघांना एकच मुलगी ओळखीची निघते, तेव्हा माझ्या हिशेबाने काटकसर झालीच.

चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की जर्मन छळछावण्यांमधले खरे भीषण प्रकार त्या वेळी कळले असते, तर त्याला ‘द ग्रेट डिक्टेटर’ करता आला नसता. हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. सगळे कळलेल्या माणसाला हसता येत नाही असे धरले, तर तेरा दिवस तोफेजवळ काढलेले हवालदारकाका तीन प्रतींतल्या अर्जावर ठसका लागेपर्यंत का हसले, हे समजत नाही. दोघांनी पाहिलेले सारखे नव्हते, असे म्हणून सुटका करून घेता येईल, आणि कदाचित तेच खरे असेल. काकांना विचारण्याची सोय आता राहिलेली नाही. एवढे मात्र आठवते की गल्लीतल्या मंडळींबरोबर ते युद्धपटाला येत, पण गोळी लागलेला नायक मांडीवर डोके ठेवून बोलू लागला की उठून बाहेर जात आणि चहा पिऊन परत येत. “एवढा वेळ कोणाकडं असतो,” असे ते म्हणत, आणि परत आल्यावर विचारीत, “गेला का?”