आमची वाटचाल : गुणफलक खरा हवा

पुण्यात आमच्या वडिलांचे क्रीडासाहित्याचे दुकान होते. क्रिकेटच्या बॅटी, कॅरमच्या सोंगट्या आणि शाळांना लागणाऱ्या लेझमी यांवर ते वर्षानुवर्षे उत्तम चालले. पुढे गिऱ्हाईक मोबाइलवरून माल मागवू लागले आणि रॅकेटला गटिंग, म्हणजे नवी जाळी, करून घेणारे तेवढे दुकानाची पायरी चढत राहिले. त्याच सुमारास वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला, आणि त्यांना सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने मी ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात जाऊ लागलो. तेथे वर्तमानपत्रे होती, भजन होते, पत्ते होते. मात्र ज्यात अंग हलेल आणि ईर्ष्याही जागी होईल, असे काही नव्हते. आमचा आजचा व्यवसाय, म्हणजे ज्येष्ठांसाठी खुर्चीवर बसून खेळायचे सांघिक खेळ तयार करणे आणि ते घेणे, त्या व्हरांड्यात सुरू झाला.

पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला. खेळण्यांच्या दुकानातून रंगीत कड्या आणि प्लास्टिकचे चेंडू आणून मी कार्यक्रम ठरवला, कोणीही काहीही फेकले तरी टाळ्या वाजवल्या आणि सर्वांना सारखेच बक्षीस दिले. कार्यक्रम संपल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापिकेने मला बाजूला बोलावून विचारले, “आम्हाला पुन्हा बालवाडीत बसवलंत का हो?” त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते अधिक लागले. ज्या पिढीने बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकले, तिला खोटी टाळी लगेच ओळखू येते. त्या दिवसापासून आमचा एकच नियम आहे: अंतर, वजन, बसण्याची पद्धत हे सर्व बदलावे, पण हार-जीत बदलू नये.

याला मोठा आधार मिळाला तो बोचियाचा. 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेल्या या खेळात चाकांच्या खुर्चीत बसलेले खेळाडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपापले सहा चेंडू टाकतात. येथे बसून खेळणे ही सवलत नाही, तीच खेळाची रीत आहे. आम्ही लहान आकाराचा असा संच केला आणि कोणाचा चेंडू जवळ हे ठरवण्याचे काम वडिलांकडे आले. डाव्या हाताने सुतळीचे टोक पांढऱ्या चेंडूवर दाबून धरायचे, दुसरे टोक समोरच्याला ताणायला सांगायचे, आणि दोन्ही संघ ओरडत असताना शांतपणे निर्णय द्यायचा. आजारपणानंतर त्यांचा आवाज इतका ठाम मी प्रथमच ऐकला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक खेळात पंचाची जागा असते आणि ज्यांना फेकता येत नाही त्यांना ती आधी विचारली जाते.

लगोरीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. जमिनीवर रचलेल्या लगोऱ्या उचलायला वाकताना एका आजींचा तोल गेला. शेजारच्यांनी धरले म्हणून निभावले. मग लगोऱ्या टेबलावर आल्या, हात असलेल्या पण चाके नसलेल्या खुर्च्याच वापरायच्या असे ठरले, आणि घरंगळणारा टेनिसचा चेंडू जाऊन बाजरी भरलेला कापडी चेंडू आला, जो पडेल तेथेच थांबतो. पहिल्याच पावसाळ्यात त्या बाजरीला कीड लागली आणि विकलेले संच परत आले. ते सर्व स्वखर्चाने बदलून दिले. आता आत प्लास्टिकचे दाणे असतात. कबड्डीतही दम धरण्याची अट आम्ही काढून टाकली, कारण रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून धरणे बरे नव्हे. 30 सेकंदांची चढाई मात्र घड्याळ लावूनच होते.

धंद्याला खरी उभारी आणली ती 1983 च्या विश्वचषकाने. त्या स्पर्धेत 60 षटकांचे सामने होते आणि लॉर्ड्‌सवरच्या अंतिम सामन्यात भारताने 183 धावा केल्या होत्या. एका वृद्धाश्रमात आम्ही टेबलावरच्या क्रिकेटमध्ये 184 धावांचे लक्ष्य ठेवले आणि दर मंगळवारी सहाच षटके खेळायची असे ठरवले, म्हणजे एक डाव दहा आठवडे चालणार. धावसंख्या फळ्यावर लिहून तशीच ठेवली. पुढच्या मंगळवारी मी पोहोचण्यापूर्वी खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि एरवी खोलीबाहेर न पडणारे एक गृहस्थ फळ्यासमोर उभे राहून आवश्यक धावगती काढत होते. तोपर्यंत आम्हाला वाढदिवस आणि वर्धापनदिनाचीच कामे मिळत. त्यानंतर संस्था तीन-तीन महिन्यांचा करार करू लागल्या.

टाळेबंदीत सर्व थांबले. त्या काळात फोनवरून प्रश्नमंजूषा घेतली आणि दुकानातला उरलेला माल विकून तीन सहकाऱ्यांचे पगार दिले.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. आमच्या एका मंगळवाराने ते भागत नाही, म्हणून संच केंद्रातच ठेवून तेथील सेविकांना खेळ घ्यायला शिकवण्यावर आम्ही आता भर देतो. यात आमचे काही दिवसांचे मानधन बुडते, हे खरे आहे. तरीही मला हाच मार्ग योग्य वाटतो.

एक उणीव अजून सलते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी स्त्रियांना मैदान कधी मिळालेच नाही, आणि क्रिकेटच्या गप्पांत त्या मागे राहतात. त्यांचा खेळ सागरगोटे होता. पण संधिवाताच्या बोटांना तो झेलता येत नाही. लिंबाएवढे, कापडात शिवलेले पाच गोटे आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी नुकतेच तयार केले आहेत. दोन आज्यांनी ते हातात तोलून पाहिले आणि “थोडे जड करा, वर गेल्यावर रेंगाळतात” असे सांगून परत दिले. दुसरा नमुना या आठवड्यात शिवून होईल.